हातउसना

भिंगरी जन्मतःच डाव्या कोपरापाशी संपली होती. हे वाक्य तिच्या मामाचं, पण ते तो फक्त मनात म्हणायचा. जगाला तो सांगायचा, "भाची माझी सव्वाशेर आहे."

कृत्रिम हात बनवणाऱ्या केंद्रात मामाची उमेदीची वर्षं गेली होती. लोकांच्या पोरांना हात देणाऱ्याच्या घरात अशी पोर यावी, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याने तिला कातडीच्या रंगाचे हात करून दिले, एकापेक्षा एक सरस. भिंगरीने ते कपाटात टाकले आणि रिकामी बाही खिशात खोचून शाळेत जात राहिली. "खोटा आहे तो," एवढंच म्हणायची.

मग वीजकन्या आली. सिनेमातल्या त्या नायिकेचा डावा हात निळा, धातूचा. मूठ आवळली की मनगटावर दिवा लागतो. पोरं नुसती खुळावली होती. सिनेमा कंपनीने केंद्राला फुकट परवानगी दिली: वीजकन्येसारखे हात बनवा, मुलांना द्या. समारंभ झाला, सामाजिक बांधिलकीवर लांबलचक भाषणं झाली, फोटोत मामा अर्धा कापला गेला. त्याला त्याचं काही नव्हतं. पहिला हात त्याने भिंगरीला बसवला आणि गमतीने म्हणाला, "जपून वापर हं. वीजकन्येने हातउसना दिलाय."

हातउसने घ्यायचे ते पैसे, फार तर वाटीभर साखर. हात हातउसना मिळालेला कोणी ऐकलाय? घर हसून लोळलं. भिंगरी मात्र हसली नाही, तिने ते खरं धरलं. निजताना हात पुसून उशाशी ठेवायची, आणि दिवसा त्याच हाताने फळा पुसायची, पोरांच्या पाठीत धपाटे घालायची, बाईंनी काही विचारलं की तोच हात वर करायची. उत्तर येत नसलं तरी.

पण पोर वाढत होती. हाताची खोबण दंडाला रुतायला लागली. मामाने नवा निळा हात करायला घेतला आणि नेमकी माशी शिंकली. सिनेमा कंपनी दुसऱ्या कोणी विकत घेतली होती, आणि तिच्यासोबत वीजकन्याही. नव्या मालकांची वकीलबाई केंद्रात येऊन बसली. जिभेवर नुसती साखर.

"मुलांकडे आहेत ते राहू द्यात," ती म्हणाली. "फक्त नवे करू नका. दुरुस्तीही नको. आता आमची खेळणी येताहेत ना, निळ्या हाताची."

"खेळण्याने पेन धरता येतं का?" मामाने विचारलं.

"दिवा लागतो त्यात."

"बाई, माझी भाची वाढतेय. ती काही तुमच्या परवानगीसाठी थांबायची नाही. एक करू द्या. एकच."

"एकाला हो म्हटलं की पायंडा पडतो." ती जरा घुटमळली. "मलाही वाईट वाटतं हो. पण पात्र आमच्या मालकीचं आहे."

तिला खरंच वाईट वाटत होतं, याचाच मामाला जास्त राग आला. गुपचूप करून टाकावा, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण दावा लागला तर केंद्राला कुलूप, आणि बाकीची पोरं हातावाचून. तो हात चोळत बसला. दुसरं करणार काय?

शेवटी त्याने कातडीच्या रंगाचाच हात केला. नखांच्या मुळाशी पांढरे चंद्रसुद्धा उठवले. इतका सुरेख हात त्याने कधी केला नव्हता, आणि इतक्या जड मनानेही.

पिशवी घेऊन तो बहिणीच्या घरी गेला, तेव्हा ताईने दारातच ओळखलं. "तूच सांग तिला," ती म्हणाली. "हातउसन्याचं पिल्लू तूच सोडलंस."

त्याने सांगितलं. भिंगरीने सगळं ऐकून घेतलं.

"वीजकन्येने परत मागितला?"

"तिने नाही गं. तिच्या मालकांनी नवे करायला बंदी केलीय."

"तिला मालक आहेत?"

"आहेत. तिचं नाव, तिचे कपडे, तिचा हात, सगळं त्यांचं."

"तिचा हातपण तिचा नाही?"

"तोपण नाही."

भिंगरी आत गेली आणि निळा हात पुसून घेऊन आली. "राहू दे गं, तो कोणी मागितलेला नाही," मामा म्हणाला. "उसना होता ना," म्हणत तिने तो पिशवीत ठेवला. मग नवा हात उचलला, एकेका नखावरून बोट फिरवलं. मामाचा जीव डोळ्यांत गोळा झाला. घालते, घालते पोर!

तिने तो निळ्याशेजारी ठेवून दिला.

"हा पण वीजकन्येला दे. मालकांनी तिचा काढून घेतला की तिला लागेल. तिला सवय नसेल."

"आणि तुला गं?"

"मला आहे," भिंगरी म्हणाली, आणि बाही खिशात खोचून अभ्यासाला बसली.