फियाटमागची म्हैस

उचगावच्या आकारामअण्णांनी फियाट विकायला काढली होती हे खरं. पण ती कुणालाच द्यायची नाही, हेही त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. त्यांच्या मुलानं, यशराजनं, नवी मोटार घेतली होती आणि दारात जागा एकीचीच होती. म्हणून 'विकतो' म्हणावं लागलं. गिऱ्हाईक आलं की अण्णा चहा पाजत आणि काहीतरी खोड काढून त्याला वाटेला लावत. एकानं बॉनेटवर टिचकी मारली, तो नापास. दुसऱ्याला लग्नात नवरदेव मिरवायला हवी होती. "माझी गाडी रोजच्या कामाची हाय, वरातीतलं घोडं न्हाय," म्हणून तोही गेला. तिसऱ्यानं भंगाराचा दर विचारला. त्याला चहासुद्धा मिळाला नाही.

मग ऋता आली. कोल्हापुरात राहणारी, कबनूरच्या शाळेत नुकतीच लागलेली शिक्षिका. रोज दोन बस बदलून ती मेटाकुटीला आली होती आणि नव्या गाडीचे हप्ते तिच्या पगारात बसत नव्हते. तिला लहानशी, जुनी पण रोज धावेल आणि कुठलाही मेस्त्री दुरुस्त करील अशी गाडी हवी होती. अण्णांनी मुद्दाम तिलाच चालवायला बसवलं. स्टिअरिंगखालचा गिअर बघून भलेभले गडबडतात. तिनं एकदा विचारून घेतलं, चोक ओढला आणि हायवेपर्यंत जाऊन, एकदाही बंद न पाडता, गाडी दारात आणून लावली.

"काका, शोभेला नाही ठेवणार. रोज चालवेन," ती म्हणाली.

अण्णांना खोडच सापडेना. "न्या की मग!" तोंडातून निघून गेलं. आणि कोल्हापूरकर एकदा 'न्या की' म्हणाला की शब्द मागं घ्यायची सोय उरत नाही.

कागद झाले. शनिवारी ऋता गाडी न्यायला आली. अण्णांनी सकाळपासून काचा पुसल्या आणि "जुनी वस्तू हाय, जायचीच, त्यात काय वाईट वाटायचं," असं बायकोला, शालूबाईंना, तीनदा ऐकवलं. शालूबाईंनी एकदाही विचारलं नव्हतं.

फियाट गल्लीतून निघाली, आणि मागं गोठ्यात खुंटा उपटल्याचा आवाज झाला.

चिमणी सुटली होती. चिमणी म्हणजे अण्णांची म्हैस. तिचं नाव ठेवणाऱ्याला बहुधा कमी दिसत असावं. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवतात आणि मालक मोटारसायकल घेऊन पुढं, म्हैस मागं, अशा पळवतात. अण्णांचा गुडघा गेला, मोटारसायकल सुटली, तेव्हा त्यांनी चिमणीला फियाटमागं पळायला शिकवलं. सहा पाडवे झाले. "लाख गाड्या सोडा, माझं इंजिन बरोब्बर वळखती," असं ते गावभर सांगत. आणि गाडी विकताना नेमकी हीच गोष्ट विसरले होते.

चिमणी शेपूट वर करून धावली आणि अण्णांचा चेहरा उजळला.

"अगं, सौदा मोडला! मुक्या जनावराफुडं माझ्या शब्दाची काय मातबरी?" म्हणत ते लंगडत मागं निघाले. इतका आनंद त्यांना यशराजच्या नव्या गाडीचाही झाला नव्हता.

आरशात एवढं काळं धूड बघून ऋतानं कोपऱ्यावर गाडी थांबवली. चिमणीनं खिडकीतून तोंड आत घातलं, ऋताला हुंगलं, शेजारची रिकामी सीट बघितली आणि तोंड बाहेर काढलं. घाबरून ऋताचा पाय अॅक्सिलरेटरवर पडला. इंजिन घुमलं. चिमणीनं कानसुद्धा हलवला नाही. ती वळली, लंगडत येणाऱ्या अण्णांपाशी गेली आणि त्यांच्या छातीला डोकं लावून उभी राहिली.

ऋता खाली उतरली. "काका, गाडी परत घ्या. हिचा जीव आहे या गाडीत. मी बघेन दुसरी."

पंधरा दिवस अण्णा याच वाक्याची वाट बघत होते. पण आता ते चिमणीकडं वळले. त्यांनी चिमणीच्या कपाळावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"न्हाई बाई," ते म्हणाले. "गाडीपाशी थांबली असती तर घेतली असती. तुम्ही जावा. सोमवारी शाळंत येळंवर पोचा."

फियाट गेली. तोवर शालूबाई येऊन पोचल्या. त्यांनी लोंबतं दावं उचललं.

"सा वर्सं गावाचं कान किटवलं, इंजिन वळखती म्हणून!"

"चुकलंच की माझं," अण्णा पुटपुटले.

"म्हशीचं ऱ्हाऊ द्या. तीस वर्सं त्या गाडीत तुमच्या शेजारी बसत हुते. मला तरी कुठं गाडीची हौस हुती?"

अण्णांनी चमकून बघितलं. शालूबाई दावं त्यांच्या हातात देऊन घराकडं चालूही लागल्या होत्या. अण्णा मुकाट्यानं त्यांच्या मागं निघाले, आणि अण्णांच्या मागं चिमणी.