जावांच्या भांडणात तडकलेला हंडा

मी एक जुना बिडाचा हंडा आहे. मित्रांनो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. तुमच्यापैकी एकानेही कधी माझं बूड घासलेलं नाही, तेव्हा मैत्रीचा काही संबंध नाही.

ज्या ओताऱ्याने मला घडवलं, तो इतका तापट होता की भट्टी विझली तरी त्याच्या धाकाने लोखंड पातळच राहायचं. त्याचा तो स्वभाव माझ्यात उतरला. पुढे मी रानाकडेच्या एका घरात आलो. तिथला म्हातारा शिकारी. त्याने आणलेलं एक रानडुक्कर माझ्यात शिजायला घातलं, ते एवढं चिवट की सरपण संपलं, मग दाराची फळी जाळली, तरी ते माझ्यातून डोळे वटारून बघत होतं. खोटं वाटत असेल तर डुकराला विचारा.

म्हाताऱ्याला दोन सुना. त्यांच्यात विस्तव जात नसे. जायचा तो माझ्याखाली. थोरली रानातून अळंबी आणि पाला आणायची, धाकटी परसातले कांदे-गाजर. शिजायचं मात्र सगळं माझ्यातच. एकीने मीठ घातलं की दुसरी मुद्दाम पुन्हा घालायची, आणि खाणारे नावं ठेवायचे मला!

थोरलीला आपल्या स्वच्छ टोपलीचा भारी तोरा. अळंबी ती चाकूने जमिनीच्या वर कापून आणायची. मातीचा कण नाही. धाकटी सगळं मुळासकट उपटणारी. त्यावरून रोज जुंपायची.

"जाऊबाई, बूड बघितल्याशिवाय अळंबी ओळखू येते का?"

"तुझी माती तुझ्या वाफ्यात ठेव. माझ्या टोपलीत नाक खुपसू नकोस."

घरात एक नियम होता. रानातला पाला-अळंबी जो आणेल, त्याने पहिली वाटी सगळ्यांसमोर खायची. मगच बाकीच्यांनी जेवायचं.

एकदा म्हाताऱ्याने ससा आणला. थोरलीने त्यात टोपलीभर अळंबी घातली. रस्सा असा दरवळला की मला वाटलं, आपणच आपल्याला चाटावं. घरचे ताटं घेऊन बसले. धाकटी चिरलेल्याचा कचरा गोळा करत होती. त्यात एक देठ चुकून मुळासकट निघून आलेला. त्याच्या बुडाशी पांढरी पिशवी, पायात मोजा घालावा तशी. धाकटीचा चेहराच उतरला.

"जाऊबाई, खाऊ नका. विषारी आहे ती."

"आज बरी संधी मिळाली! सगळ्यांसमोर माझी फजिती करायचीय, एवढंच ना?"

"अहो, हा देठ तरी बघा!"

"तूच बघत बस. तुझ्या नाकावर टिच्चून खाते की नाही बघ."

"गप्प बसा दोघी!" म्हातारा खेकसला. "भूक लागलीय."

थोरलीने पळी माझ्यात बुडवली. धाकटीने तिचा हात धरला, तर थोरलीचं कोपर तिच्या छातीत बसलं. मग त्या धाकट्या बयेने काय करावं? विहिरीच्या गार पाण्याची बादली उचलली आणि तापून लाल झालेल्या माझ्या अंगावर भिरकावली.

असा आवाज झाला की डोंगरापलीकडचा ठार बहिरा माणूस दचकून उठला. मी काठापासून बुडापर्यंत तडकलो. सगळा रस्सा राखेत.

"बघा मामंजी! हंडा फोडला हिने! जळकुटी मेली!"

म्हातारा काठी घेऊन उठला. धाकटी पुढे झाली. तिने तो देठ त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो उलटा केला, पिशवी पाहिली, देठ फेकला आणि तळहात कपड्याला खसाखसा पुसला.

"थोरले," तो म्हणाला, "आधी हात धू."

थोरलीने हात धुतले. पुन्हा धुतले. मग चुलीपुढे बसकण मारली. माफी कुणी कुणाची मागितली नाही.

"एवढा ससा वाया गेला," ती पुटपुटली.

"तुम्ही नाही गेलात ना!" धाकटी फटकन म्हणाली आणि कांदा चिरायला बसली.

आता मी परसात पडून आहे. थोरली येता-जाता माझ्यात राख ओतते, वर लाथही घालते. चुकली ती, वाचली ती, आणि लाथा मला!

मित्रांनो, तापलेल्या बिडावर गार पाणी कधीही ओतू नका. पडलेला तडा सांधत नाही. पण कुणी हट्टाने मरायलाच बसलं असेल आणि तुमचं ऐकत नसेल, तर हंड्याची पर्वा करू नका. फक्त नंतर माझी समजूत काढायला येऊ नका. मला अजून राग येतो.