फुंकरबाबा आणि चिंचेवरची पेटी

रविवारी सकाळी दहा वाजता महाळुंग्यात तात्याबांच्या चिंचेखाली दीडेकशे माणसं माना वर करून उभी होती. तिसऱ्या शिफ्टवाले झोप सोडून आले होते. बुंध्याशी फुंकरबाबा. भगवी लुंगी, हातात लोखंडी चिमटा आणि मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ.

"बोल! हाईस का न्हाईस?" बाबा गरजले आणि चिमटा खोडावर खणकन आपटला.

वर फांदीला बांधलेल्या लाकडी पेटीतून उत्तर आलं, "ख्श्श्श्श्!"

दीडशे माणसांचे हात एकदम जोडले गेले. खोटं कशाला बोलू, मीही दचकलो. ती पेटी मीच बनवली होती.

मी शेखर, चाकणच्या एका कंपनीत फिटर. गावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या तनुजाबाईंनी उंदरांवर उपाय म्हणून घुबडांसाठी पेट्या बसवायचं मनावर घेतलं, तेव्हा पॅकिंगच्या फळ्या कापून चार पेट्या मी ठोकून दिल्या. तात्याबांच्या पेटीत गव्हाणी घुबडाची जोडी आली. बाईंनी आत बोटभर कॅमेरा बसवला होता. अंडी किती, पिल्लं किती, सगळं त्या वहीत लिहायच्या. मग त्या दोन आठवडे प्रशिक्षणाला गेल्या आणि इकडे बाबा उगवले.

निमित्त झालं कस्तुराचं. कस्तुरा म्हणजे तात्याबांची सून, परभणीकडची. तिला सडकून ताप भरला होता. बाबांनी तिच्यावर तीन फुंकरा मारल्या, उशीखाली हात घातला आणि एक काळा, चकाकता गोळा बाहेर काढला. फोडला तर आत केस आणि इवलीइवली हाडं!

"घुबड कवाच मेलं," बाबांनी निदान केलं. "पेटीत आत्मा बसलाय. लक्ष्मीनं कामावरनं कमी केलेलं वाहन हाय, म्हणून चिडलंय. पोरीला दवाखान्यात नेऊ नका. सुईचं लोखंड अंगात गेलं, की आत्मा आतच अडकतो."

ताप पाच दिवस उतरला नव्हता. कालपासून तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. तिचा नवरा बाळू माझ्याच लाइनवर कामाला. त्याला मी एकदा दबकत म्हणालो, "डॉक्टरला दाखव ना." तो म्हणाला, "आमचा बा ऐकत न्हाई." मी पुढे बोललो नाही. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

आणि आज बाबांच्या सांगण्यावरून ती पेटी पेटवायची होती. रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा बांबूला बांधून तयार होता.

तेवढ्यात गर्दीतून तनुजाबाई आल्या. खांद्यावर प्रवासाची बॅग तशीच; उशीखालच्या गोळ्यापासून सगळं त्यांना स्टँडवरच कळलं होतं.

"तात्याबा, जाळायच्या आधी मला एक विचारायचंय. बाबांशिवाय दुसऱ्या कुणी खोडावर मारून बघितलं का?"

"आमी कशाला मारतोय? आमच्याकडं कुठं सिद्धी हाय?"

"छत्री तर आहे ना? मारा."

तात्याबांनी बिचकत छत्रीची मूठ खोडावर टेकवल्यासारखी केली.

"जोरात!"

ठक्‌!

"ख्श्श्श्श्!"

"अभिनंदन," बाई म्हणाल्या, "तुम्हाला सिद्धी मिळाली."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबा ओरडले, "आत्मा खवळतोय!" बाईंनी मोबाइल तात्याबांपुढे धरला. पडद्यावर पेटीचा आतला भाग दिसत होता. पिंपळपानाच्या आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्यांची तीन पिल्लं एकमेकांना चिकटून बसली होती. तात्याबांनी पुन्हा छत्री मारली. तिन्ही पिल्लांनी माना डोलवल्या, चोची उघडल्या आणि आवाज काढला.

"हादरा बसला की ती घाबरतात. समोरच्याला साप वाटावा म्हणून असा आवाज करतात," बाई म्हणाल्या.

"आन्‌ ती हाडं?" तात्याबांचा आवाज खाली आला होता.

बाई चिंचेमागे गेल्या आणि ओंजळभर काळे गोळे घेऊन आल्या. एक फोडला. केस, हाडं आणि पिवळ्या दातांची एक कवटी. "घुबड उंदीर अख्खा गिळतं. जे पचत नाही, त्याचा गोळा करून ओकतं. हे दात उंदराचेच. उशीखाली गोळा कसा गेला, ते बाबा सांगतील."

"म्या सांगते."

ओसरीवर कस्तुरा दाराला धरून उभी होती. ओठ सुकलेले, डोळे लाल.

"हे बाबा आले त्या दिवशी म्या खिडकीतून बघितलं. चिंचेखाली वाकून वेचत होते आन्‌ झोळीत टाकत होते."

"मग बोलली का न्हाईस?" तात्याबा खेकसले.

"इचारलं का कुणी?" ती म्हणाली. "सगळे त्या पेटीलाच इचारत होते. मला दवाखान्यात न्या." आणि ती उंबऱ्यावरच बसली.

बाळूने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने बायकोला उचललं. मी गाडी काढली. मागे लोकांनी बाबांची झोळी उलटी केली, तेव्हा त्यातून सात गोळे पडले म्हणे. बाबांच्या घड्याळाने त्या दिवशी बरीच पावलं मोजली असणार. पण वेशीवर पोरांनी अडवलं आणि बाईंनी रीतसर तक्रार दिली.

कस्तुराला डेंग्यू होता. "आणखी एक दिवस गेला असता, तर मी काही सांगू शकलो नसतो," डॉक्टर म्हणाले. आठ दिवस ती सलाइनवर होती. वाचली.

लोक म्हणतात, बाबा फसवतात. खरं आहे. पण त्या झाडाखाली दीडशे माणसं होतो आम्ही. एकालाही आपल्या हाताने खोडावर एक टिचकी मारून बघावीशी वाटली नाही. विज्ञान म्हणजे फार मोठं काही नसतं हो. पेटीतून आवाज आला तर आत डोकावून बघायचं. आणि घरातलं माणूस तापलं, तर काय होतंय ते आधी त्यालाच विचारायचं आणि तडक डॉक्टरकडे न्यायचं.