घुबडाच्या छापाची पापडी

मित्रांनो, बेलापुरात मला ज्यानं ज्यानं पाहिलं, त्यानं माझ्याबद्दल वेगळंच काहीतरी ठरवलं. पुंजाराम लोहार म्हणाला, "बैलाला डाग द्यायचं हत्यार हाय." साळूबाई म्हणाली, "न्हाई, पापड भाजायचा चिमटा हाय." आणि तालुक्याच्या एका साहेबांनी मला उलटंपालटं करून सांगितलं, की हे शस्त्र आहे, याला परवाना लागेल. साहेबांची गोष्ट मी रचली. बाकीच्या दोन खऱ्या आहेत. वय झालं की लोखंडालाही थापा मारायची सवय लागते, तेवढं सांभाळून घ्या.

साळूबाई सगळ्यांत जवळ पोचली होती. मी चिमटाच आहे. हातभर लांब दोन दांडे, टोकाला तळहाताएवढ्या दोन सपाट तव्या, आणि एका तवीवर कोरलेलं घुबड. ते घुबड म्हणजे पोलंड देशातल्या सोव्हिच नावाच्या जहागीरदार घराण्याचं चिन्ह. मी आकाशातून पडलेल्या उल्केचा बनलोय, असं मी पुष्कळ वर्षं सांगत होतो. खरं म्हणजे दोनशे ऐंशी वर्षांपूर्वी एका लोहारानं मला नांगराच्या मोडक्या फाळातून घडवलं.

जहागीरदार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर हत्ती-घोडे येतील. सोव्हिचांकडे एक गाव, एक तळं आणि अभिमान तेवढा पोत्यानं होता. शेतात नांगर धरतानाही कमरेला तलवार. पुढे तलवारी विकाव्या लागल्या, तर त्यांनी लाकडाच्या करून लटकवल्या, पण रिकाम्या कमरेनं कुणी नांगरामागे गेलं नाही. ही थाप वाटेल, पण नाही.

त्या घराण्यात तीन भाऊ झाले आणि गावाच्या तीन वाटण्या झाल्या. थोरली पाती, मधली पाती, धाकटी पाती. आपल्याकडच्या पाटलांसारखंच. भांडणंही तशीच. चर्चमधल्या पहिल्या बाकावर कुणी बसायचं, तळ्यातली बदकं कुणाची, आणि आजोबांचा कोट कुणी नेला.

या भांडणांना कंटाळून म्हाताऱ्या जहागीरदारानं मला करून घेतलं. वर्षातून एकदा, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, आकाशात पहिली चांदणी दिसली की तिन्ही पात्यांनी एका घरी जमायचं. पीठ आणि पाणी कालवून, मीठसुद्धा न घालता, माझ्या दोन तव्यांमध्ये पापडी भाजायची. कागदासारखी पातळ, पांढरी, वर घुबडाचा छाप. प्रत्येकानं आपली पापडी हातात धरायची. मी तुमच्या पापडीचा तुकडा मोडून खायचा, तुम्ही माझ्या. दोघांनी. तेवढं झालं की त्या वर्षीचं भांडण मिटलं. जो परगावी असेल त्याला पाकिटातून तुकडा जायचा आणि त्याच्याकडून एक यायचा. तुकडा आला म्हणजे ती पाती जिवंत आहे.

आणि एक नियम फार कडक होता. तुकडा मागायचा नाही. मागून मिळालेल्या तुकड्यानं नातं होत नाही.

एका वर्षी दोन चुलत भाऊ एका हंसावरून पिस्तुलं रोखून उभे होते. तेवढ्यात चांदणी दिसली. दोघांनी डाव्या हातानं एकमेकांची पापडी मोडली आणि उजव्या हातात काय होतं ते विसरून गेले. हंस म्हातारा होऊन मेला. यात पिस्तुलं माझी, हंस खरा.

पुढे मात्र थापांना जागा उरली नाही. शेजारच्या तीन राजांनी तो देशच वाटून घेतला. थोरली पाती रशियाच्या झारविरुद्ध उठली. तिची जमीन जप्त झाली आणि पुरुषांना बेड्या घालून सैबेरियात नेलं. पाच वर्षं त्यांच्याकडून तुकडे आले. काळ्या पिठाचे, पण आले. सहाव्या वर्षी आला नाही. मधली पाती राजधानीत जाऊन डॉक्टर झाली. दुसऱ्या महायुद्धात ते शहर घरामागून घर पेटवलं गेलं. त्या पातीत एक आत्या उरली. धाकटी पाती मला घेऊन पूर्वेच्या सीमेवर राहत होती. त्या घरात नऊ वर्षांची एक मुलगी होती, झोफिया.

१९४० सालचा फेब्रुवारी. रशियाचे शिपाई आले आणि म्हणाले, अर्ध्या तासात निघा. वडिलांना आधीच नेलं होतं. आईनं चांदीचे चमचे फडताळात तसेच ठेवले आणि मला गोधडीत गुंडाळलं. मालगाडीनं तीन आठवडे प्रवास करून आम्ही कझाकस्तानच्या माळावर पोचलो. त्या डिसेंबरात पीठ नव्हतं. आईनं कोंडा भिजवला. पापडी कसली, चुरा झाला. तरी मायलेकींनी एकमेकींच्या हातातला चुरा उचलून खाल्ला.

पुढे सुटका झाली. आई इराणपर्यंत आली आणि तिथल्या मातीत राहिली. झोफिया मला छातीशी धरून जहाजानं हिंदुस्थानात आली, कोल्हापूरजवळच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत. तिथं पाच वर्षं तिनं छावणीतल्या मुलींबरोबर पापडी मोडली. युद्ध संपलं, छावणी उठली, मुली इंग्लंड-अमेरिकेला गेल्या. झोफियाचं घर आता सीमेपलीकडे, दुसऱ्या देशात गेलं होतं. ती राहिली. नर्सिंग शिकली आणि १९५१ साली बेलापूरच्या दवाखान्यात आली. लोक तिला सोफीबाई म्हणू लागले. अर्धं बेलापूर जन्मल्याबरोबर पहिल्यांदा तिच्या हातावर रडलं.

मधल्या पातीच्या आत्याचा तुकडा दर वर्षी पाकिटातून येत असे. चौऱ्याहत्तर साली आला नाही. आता सोव्हिच घराण्यात बाई एकट्याच उरल्या. माणूस जिवंत असलं तरी पापडी एकट्यानं मोडता येत नाही, आणि मोडली नाही तर घराणं संपलं. बाईंना मरायच्या आधी एकदा, एकदाच, कुणीतरी त्यांच्याबरोबर पापडी मोडायला हवी होती.

तुम्ही म्हणाल, एवढं गाव होतं की! तीच तर गोष्ट आहे. पहिल्याच वर्षी बाईंनी दवाखान्याच्या डॉक्टरांच्या आईच्या हातावर पापडी ठेवली आणि स्वतःची पापडी पुढे धरून उभ्या राहिल्या. म्हातारीनं ती दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली, डोळे मिटून खाल्ली आणि सुनेला म्हणाली, "प्रसाद आहे गं. पायातलं काढून घे." बाईंची पापडी तशीच हातात राहिली.

दुसऱ्या वर्षी दहा जण आले. आंघोळ करून, चपला बाहेर काढून. घुबड पाहून दोघे-तिघे दचकले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "अरे, लक्ष्मीचं वाहन आहे ते," आणि पुढच्या वर्षी पन्नास जण आले. बाळंतिणी आल्या, परीक्षेची पोरं आली. सगळे हात पुढे करत, कपाळाला लावत, खात आणि वाकून नमस्कार करत. प्रसाद घ्यायचा असतो. देणाऱ्याच्या हातातला प्रसाद मोडून आपण खायचा, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. इतक्या भक्तीनं चुकणाऱ्या माणसांना बाई काय सांगणार? आणि मागायचं तर नव्हतंच. सगळे गेले की बाई आपली पापडी डब्यात ठेवत. सत्तरहून जास्त वर्षं मी हे पाहिलं. मला तोंड नाही, तवी आहे. मी काय बोलणार?

बाईंच्या हातावर जन्मलेल्या पहिल्या पोरांपैकी एक म्हणजे सुमंत मास्तर. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी अकरा वर्षं खपून स्वतःच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापला होता. कोण कुणाचा मुलगा, कुठल्या शाखेत किती माणसं, सगळं त्यात. तो संपल्यावर त्यांना करमेना. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ते कोरे कागद घेऊन बाईंकडे आले. बाई तेव्हा त्र्याण्णव वर्षांच्या होत्या आणि त्यांची सोबत करायला शेजारची रतनबाई असे.

"बाई, तुमचाही कुलवृत्तांत लिहून टाकू," मास्तर म्हणाले. तिन्ही पात्या लिहून झाल्या. मग त्यांनी नव्या कागदावर 'कुलाचार' असा मथळा घातला. "हं, आता पापडीचा प्रसाद कसा द्यायचा, ते क्रमानं सांगा."

"तू माझी मोडायची, मी तुझी," बाई म्हणाल्या.

मास्तरांचं पेन थांबलं. "दोघांनी?"

"दोघांनी."

"आणि आम्ही इतकी वर्षं..."

"तुम्ही सगळे फार भक्तीनं खाता."

मास्तरांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "एकदा बोलायचं नाही का हो, बाई?"

"मागायचं नसतं, सुमंत. आणि आत्ताही मी मागितलेलं नाही. तू विचारलंस, मी सांगितलं. तसंच लिही."

"रतनबाई, पीठ काढा. आत्ता करू."

"आत्ता नाही," बाई म्हणाल्या. "चोवीस डिसेंबर. चांदणी दिसल्यावर."

"बाई, आमच्या शास्त्रात मुख्य वेळ चुकली तर गौणकाळ असतो. तो चालतो."

"तुझ्या शास्त्रात सगळ्याला पळवाट आहे. आमच्याकडे नुसती चांदणी आहे."

"आवो, मग कंची बी चांदनी धरा की," रतनबाई दारातून म्हणाली. "आज बी लई निगतील."

बाई हसल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. पण ऐकलं नाही. मास्तरांनी घरी जाऊन कॅलेंडरवर चोवीस तारखेला लाल गोल केला. त्यानंतर बाई रोज मला उशाशी मागून घेत आणि फडक्यानं तेल लावत. घर सुटल्यापासूनच्या त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, इथं सांगायला माझ्याकडे एक झकास थाप तयार आहे. चांदणी उगवते, मास्तर येतात, बाई उठून बसतात. ती थाप मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिली आहे.

बारा डिसेंबरला सकाळी रतनबाईनं चहा दिला. बाईंनी अर्धा घेतला, कप खाली ठेवला आणि मान उशीवर टेकवली. रतनबाई म्हणाली, "बाई, परत झोपलात व्हय?" आणि मग ती माझ्याशेजारी खाली बसली.

दफनभूमीतून परत आल्यावर मास्तरांनी देवघरातला दिवा लावला नाही. दाढी केली नाही. त्यांची बायको लीनाताई गोंधळून म्हणाली, "अहो, सुतक धरलंत की काय? बाई ख्रिस्ती, आपलं गोत्र वेगळं. आपल्याला कसलं सुतक?"

"कुलवृत्तांत कोण लिहितंय?" मास्तर म्हणाले. "मी ना? मग मला लागतं."

मग लीनाताईंनीही दहा दिवस पूजा केली नाही. मास्तरांनी बोटांवर मोजलं, तेव्हा तेरावा चोवीस डिसेंबरलाच येत होता.

त्या संध्याकाळी बाईंच्या ओट्यावर नेहमीसारखी माणसं जमली. आंघोळ करून, चपला बाहेर काढून. मास्तरांनी पहिल्यांदाच मला हातात धरलं. पहिली पापडी जळाली. दुसरी जळाली. तिसरी माझ्या घुबडाला चिकटून बसली.

"सरका," रतनबाई म्हणाली. "शास्त्रात जाळ किती ठिवायचा त्ये न्हाई ल्हियलेलं." तिनं निखारे मागे ओढले. चौथी पापडी पांढरी निघाली.

चांदणी दिसली. लोकांनी हात पुढे केले. मास्तर म्हणाले, "आज कुणी कपाळाला लावायची नाही. शेजारच्याची मोडा आणि त्याला आपली मोडू द्या." सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. उष्टं की काय, कुणाच्या हातचं, कुणी आधी. कुणी हलेना. तेव्हा रतनबाईनं मास्तरांच्या पापडीचा कोपरा कडकन मोडून तोंडात टाकला आणि आपली पुढे केली. "मोडा म्हनते ना! तुमी बी बाईंच्या हातावर जन्मला, मी बी."

मास्तरांनी मोडली. पण तुकडा हातातच धरला. ते पापडीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "रतनबाई, त्यांना नाही मिळाला हो. आपण सगळ्यांनी खाल्ला. त्यांना एकही नाही मिळाला."

ओट्यावर नुसता पापड्या मोडल्याचा आवाज येत होता. बारीक आवाज असतो तो.

आता मी मास्तरांच्या घरी असतो. कुलवृत्तांताच्या शेवटच्या पानावर त्यांनी 'बेलापूर शाखा' असं लिहून खाली सगळी नावं घातली आहेत, पहिलं रतनबाईचं. लोक म्हणतात, घराणं वाचलं. असेल. बाई असत्या तर मी मान्य केलं असतं.

माझी काळजी करू नका, मित्रांनो. मी लोखंड आहे, तेलाचा हात फिरवलात की आणखी शंभर वर्षं थापा मारीन. पण तुमच्या गल्लीत कुणी म्हातारं माणूस दर वर्षी तुमच्या हातावर काही ठेवत असेल, तर नुसता नमस्कार करून खाऊन टाकू नका. थोडा वेळ थांबा. त्याच्या हातात काही उरलंय का बघा. काय करायचं असतं ते विचारा, आणि विचारायला उशीर करू नका. सुमंत मास्तर फार हुशार माणूस. त्यांना फक्त बारा दिवस कमी पडले.