लोटनची पंगत

बायकोने, मंजुळाबाईने, पुन्हा ताट पुढे केलं आणि लोटनने पुन्हा ते मागे सारलं. कालपासून त्याच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. संध्याकाळी त्याच्या दोस्ताच्या, चुडामणच्या मळ्यात भरिताची पंगत होती, आणि यंदा काहीही होवो, पंगतीत बसायचंच, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. पोटातच काही नसलं तर पोटावरच्या पिशवीत येणार कुठून? बायको म्हणाली, असं उपाशी राहून चक्कर येईल. ऐकेल तो लोटन कसला!

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी शौचाची जुनी वाट बंद करून पोटावर नवी काढली आणि तिला ही पिशवी चिकटवली. नर्सने ती एकदा बदलून दाखवली आणि पुढच्या पेशंटकडे गेली. काय खायचं, चारचौघांत आवाज झाला तर तोंड कुठे लपवायचं, हे कोणी सांगितलं नाही. लोटननेही विचारलं नाही. जीव वाचवणाऱ्या माणसाला असलं काय विचारायचं? भरीत ठेचता ठेचता अख्ख्या मळ्याला हसवणारा गडी, पण तेव्हापासून ना कुणाच्या लग्नाला गेला, ना मयतीला.

संध्याकाळी मळ्यात वांगी भाजल्याचा वास सुटला होता. चुडामणने त्याला पाहिलं, हातातलं काम टाकलं आणि दंडाला धरून पंगतीत मधोमध बसवलं. लोटनला भरून आलं. पण ताटं वाढून झाली, बोलणं जरा थांबलं आणि नेमकी तेव्हाच पिशवी वाजली. चांगली लांबलचक वाजली. कोणीतरी फिस्सकन हसलं. लोटनने उठायला हात जमिनीवर टेकवला.

तेवढ्यात चुडामणची म्हातारी आई, बेबाबाई, भरिताचं पातेलं घेऊन त्याच्याशेजारी उकिडवी बसली. वाढायच्या निमित्ताने वाकून हळूच म्हणाली, "उपाशी आला ना रे? रिकामं पोट जास्त बोलते. थोडं थोडं खात राह्यलं का गप बसते."

"तुले कसं माहीत, अक्का?"

तिने लुगड्यावरून कमरेपाशी हलकेच थोपटलं. आत प्लास्टिक चुरचुरलं. तो आवाज लोटनने झोपेतही ओळखला असता.

"घरच्यायले वाटते, नुसती गाठ काढली. ठाऊक व्हतं ते चुडामणच्या बापाले. ते गेले."

बेबाबाई सगळ्यांना पोटभर वाढल्याशिवाय घास घेत नाही, याचं गावाला केवढं कौतुक. लोटनही इतकी वर्षं तिच्या हातचं मिटक्या मारत खात आला होता. ती पंगतीत का बसत नाही, हे त्याला आत्ता कळलं. स्वतःची लाज तो विसरूनच गेला.

"मंग आज बस," तो तसाच हळूच म्हणाला. "माह्या बाजूले बस. आवाज झाला तं माहाच व्हता म्हनू."

म्हातारीने चुडामणला हाक मारली, पातेलं त्याच्या हातात दिलं आणि मांडी घालून बसली. चुडामण गोंधळून आईकडे बघत राहिला, पण त्याने तिला ताट वाढलं. दोघं सावकाश जेवू लागली. एकेक घास पोटात जात होता तसं लोटनचं पोट निवत होतं.

थोड्या वेळाने पुन्हा आवाज झाला. पंगतीने माना वळवल्या. बेबाबाईचा हात घासासकट थांबला.

"माहा व्हता," लोटन मोठ्याने म्हणाला आणि त्याने चुडामणकडे आणखी एक पुरी मागितली.