मागे वळून पाहायचं नाही

जरीपटका वस्तीतल्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि गंमत बघा, सगळी गर्दी जमली होती तीही पायासाठीच. एका माणसाच्या उजव्या पायासाठी. आईच्या पोटातून पाय पुढं घालून जो जन्माला येतो तो पायाळू, आणि पायाळूचा पाय लागला की लचक, उसण पळून जाते, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातं. लहानपणी माझ्याही पाठीवर शेजारच्या पायाळू काकूंनी लाथ मारली होती. उसण आपली आपण जातेच, तशी गेली, आणि नाव काकूंचं झालं.

पण माझी भाची श्वेता उसण घेऊन आली नव्हती. ज्युदोच्या सरावात समोरच्या पोरीला फेकताना तिचा पाय मॅटवर अडकला, अंग फिरलं आणि गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला. एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, लिगामेंट तुटलंय, म्हणजे हाडांना जागेवर धरणारा आतला पट्टा. सूज उतरली की ही सरळ चालेल. पण झटक्यात वळली तर गुडघा निसटेल आणि आतली गादीही फाटेल. ऑपरेशन हवं, खेळ बराच काळ बंद. आणि इकडे रविवारी राज्याच्या संघाची निवड.

मी शाळेत विज्ञान शिकवते, कुणाला घाबरत नाही असा माझा लौकिक आहे. पण खरं सांगते, त्या दिवसापासून मी घाबरले होते. श्वेता खुर्चीतून उठली तरी मी धरायला धावायचे.

तिचे वडील रुपराव बुटीबोरीच्या कारखान्यात असतात. ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषयच बदलायचे. "चिरलं तर पोरगी कायमची लंगडी होईन, ताई," म्हणायचे. त्यात श्वेताचे कोच मारोतराव सर मध्ये पडले. त्यांचाही गुडघा जुना दुखावलेला, आणि गेल्या महिन्यात या पायाळू महाराजांनी तो बरा केला होता. "मी सोता गुण घेतला आहे. काहून घाबरता?" झालं, निघाली वरात. मीही गेले, पोरीला एकटी कशी सोडू?

समोर मंचावर मखमली उशी, उशीवर रोग्याचा गुडघा. एक सेवक त्यावर 'गुलाबपाणी' फवारी. मग महाराज टाच ठेवत.

"बेटा, जग डोक्यानं आलं म्हणून डोकं चालवते. मी पायानं आलो, मी पाय चालवतो. नस चढली आहे. उतर, नसबाई, उतर!"

टाच दाबली जाई, 'कट्' असा स्वच्छ आवाज येई आणि गर्दीतून जयजयकार उठे. मग रोगी उठून लाल गालिच्यावरून सरळ मागच्या दारानं बाहेर. सेवक दर वेळी बजावत होता, "गुण घेऊन सरळ जायचं. मागं वळून पाहायचं नाही. पाहिलं तर नस परत चढेल."

श्वेताचा नंबर आला. फवारा, टाच, कट्. ती उठली, गालिच्यावर पावलं टाकू लागली आणि तिचा चेहरा असा उजळला की माझ्याही मनात पाल चुकचुकली, आपणच तर हट्टी नाही ना? "मावशी, दुखूनच नाही राहिलं," ती चालता चालता म्हणाली. "मी उद्या मॅटवर जाते."

उद्या मॅटवर ती फिरणार, जोरात, त्याच पायावर.

तिच्या मागून मारोतराव सर निघाले होते, नारळ चढवून. रुपराव सहज ओरडले, "सर, तुमची चप्पल राहिली न इकडं!"

सर वळले. मॅटवर वळतात तसेच, एका पायावर. गुडघा बाहेर निसटला आणि एवढा धिप्पाड माणूस किंचाळत खाली आला.

महाराजांनी शांतपणे हात वर केला. "सांगितलं होतं का नाही? वळला."

बायाबापड्यांनी भराभर हात जोडले. श्वेता गालिच्याच्या मधोमध उभी होती. सरांचा आवाज ऐकून ती गर्रकन फिरणार हे मला तिच्या खांद्यांवरूनच कळलं.

"श्वेता, वळू नको!" मी ओरडले.

महाराज हसले. "पाहा, या बाईलाही समजलं."

मी धावत जाऊन पोरीला धरलं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. डॉक्टरांनी हेच तर सांगितलं होतं: सरळ चालेल, वळली तर पडेल. तिला रुपरावांच्या हाती देऊन मी मंचावर चढले आणि मखमली उशी हातानं दाबली. कट्. पुन्हा दाबली. कट्.

"उशीलाही लचक भरली काय, महाराज?"

सेवक धावला, तोवर मी खोळ उसवली होती. आतून जत्रेत मिळतो तो टिनाचा बेडूक निघाला, दाबला की वाजणारा. गालिच्यावरून श्वेता हळूच म्हणाली, "आणि मावशी, त्या पाण्याचा वास आपल्या किटमधल्या स्प्रेचा आहे. लागलं का सर तोच मारतात, थंड करून बधिर करणारा."

सर जमिनीवर गुडघा धरून बसले होते, डोळ्यांत पाणी. "मले वाटे का नियम पाळला म्हणून बरा झालो," ते पुटपुटले. "महिनाभर मी कोणाशी लढलोच नाही. पोरांकडून सराव करून घेतला नुसता."

"आराम पडला तो त्यानं, सर." मग मी गर्दीकडे तोंड केलं. "हे वळले म्हणून देव कोपला नाही. तुटलेला गुडघा वळताना पडतोच, म्हणून तर वळायला बंदी केली. नियम आधी आला नाही, बाबांनो. पडणं आधी आलं."

महाराजांनी काहीतरी शाप दिला. मागच्या दारानं गेले तेव्हा पायानं नाही, डोकं पुढं घालून पळाले.

रुपराव खाली बसले. "आता चिरायचंच का, ताई? नक्की बरी होईन का?"

"नक्की असं डॉक्टरही म्हणाले नाहीत. म्हणून मी त्यांचं ऐकते. भीती मलाही वाटते, रुपराव. पण भीती घेऊन डॉक्टरकडे जाता येतं."

श्वेता अजून दाराकडेच तोंड करून उभी होती. रविवारची निवड हातची गेली, हे तिला कळलं होतं. ती रडत होती. "मावशी, मले सरांकडं जायचं आहे. वळू कशी?"

मी तिचे दोन्ही खांदे धरले. "पाय उचल, थोडा फिरव, ठेव. आता दुसरा." छोटी छोटी पावलं टाकत आम्ही दोघी जागेवरच फिरलो. सगळं सभागृह बघत होतं. ती पूर्ण मागे वळली, रिकामा मंच तिनं डोळे भरून पाहिला, आणि तिला काहीही झालं नाही.

तुम्हालाही कोणी सांगेल, गुण घ्या आणि मागे वळून पाहू नका. गुडघा सांभाळा, हळू वळा. पण वळून नक्की बघा.