चार वेळा हरलेला माणूस

जूनमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक पक्ष हरला, तेव्हा दक्षिण कोरियातल्या उईसंगमध्ये सुतक पडल्यासारखं झालं. आजोबांपासून ज्याला डोळे झाकून मत द्यायचं, तो पक्ष हरू शकतो हे कुणाच्या पचनीच पडत नव्हतं. मेंग ओक-बुनला मात्र नवल वाटलं नाही. पक्षाच्या महिला शाखेची ती तेवीस वर्षं प्रमुख. या खेपेला दारोदार फिरताना लोक 'हो हो' म्हणत होते, पण नजर चुकवत होते.

ऑगस्टात पक्षाचा नवा नेता निवडायचा होता. उईसंगचे खासदार प्यो यांनी शाखेला बोलावून बजावलं, की मत माजी मंत्री गी यांनाच द्यायचं, एकजूट दिसली पाहिजे. दुसरा उमेदवार सोक चांग-मुक म्हणजे चेष्टेचा विषय. जोल्ला प्रांतात या पक्षाचं नाव काढलं तरी लोक तोंड फिरवतात. तिथे तो चारदा उभा राहिला आणि चारही वेळा आपटला. ज्याला स्वतःला जिंकता येत नाही तो आपल्याला काय जिंकवणार, असं प्यो म्हणाले. सगळे हसले. ओक-बुनही हसली.

पुढच्या आठवड्यात सोक उईसंगला आला, तर सभागृहाला कुलूप. रंगकाम चाललंय, असं त्याला सांगण्यात आलं. रंगाचा वासही येत नव्हता. भर उन्हात दारापाशी उभा असलेला तो माणूस ओक-बुनला बाजारातून परतताना दिसला आणि तिची तिलाच लाज वाटली. आलेल्या माणसाला दार लावणाऱ्यांच्या पंगतीत आपण बसतो!

ती त्याला सरळ आपल्या लसणाच्या शेडमध्ये घेऊन गेली. वर जुड्या वाळत टांगलेल्या, खाली अकरा बायका गड्डे निवडत बसलेल्या. त्याला सातूचा गार चहा दिला आणि मग तिने आडपडदा न ठेवता विचारलं, "चार वेळा हरलात. तुमच्या मागे आम्ही का यावं?"

सोक रागावला नाही. "पहिल्या वेळी एका मासेवाल्या काकूंनी माझं पत्रक गटारात फेकलं," तो म्हणाला. "चौथ्या वेळीही मत दिलं नाही, पण तासभर माझ्याशी भांडल्या. त्या तासात मी जे शिकलो, ते इथल्या कुठल्याच नेत्याला शिकावं लागलं नाही. तुमच्याकडे मत मागावं लागत नाही ना, ताई. न मागता मिळतं."

बायकांचे हात थांबले. हे ऐकायला कडू होतं, पण खोटं नव्हतं.

संध्याकाळी प्यो स्वतः शेडवर आले. दारातच उभे राहिले.

"ओक-बुनताई, पद सांभाळायचंय ना?"

"पद तुम्ही दिलंत, साहेब. न्या परत," ती लसूण निवडता निवडता म्हणाली. "मत मात्र मला कुणी दिलेलं नाही. ते माझंच आहे."

दुसऱ्या दिवसापासून ती सोकसाठी फिरू लागली. जुन्या मैत्रिणी रस्ता बदलू लागल्या. दिराने जेवताना बोलणं सोडलं. नवरा फक्त म्हणाला, की उन्हाची टोपी घालून जा.

सोक पाचव्यांदा हरला, सपाटून हरला. गी नेते झाले आणि महिला शाखेला नवी प्रमुख मिळाली.

सप्टेंबरात उईसंगमध्ये गी यांच्या विजयाची सभा झाली. ओक-बुनला निरोप नव्हता. ती गेली आणि पुढच्या रांगेत बसली. टाळ्या ओसरल्यावर उभी राहिली.

"अभिनंदन," ती म्हणाली. "आता एवढं सांगा, जूनमध्ये आपण का हरलो?"

त्यावर नंतर बोलू, असं प्यो म्हणाले. नव्या प्रमुखबाईंनी तिला हाताने खुणावलं, बसा. ती बसली नाही.

"मला घाई नाही," ती म्हणाली. "लसूण निवडून झालाय."

मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शेडमधल्या बायकांपैकी एक उभी राहिली होती. तिच्याशेजारची दुसरीही उठत होती. प्यो यांनी माइक खाली ठेवला आणि ते ऐकायला खुर्चीत बसले.